गाणं ऐकायला जालनेकर कुठं जातो?



गेल्या वर्ष-दीड वर्षात आपल्या गावच्या पोरापोरींनी मैफलींवर टाकलेल्या पोस्टी मी एकूणएक वाचल्यात. कुणी जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले ऐकून आलं आणि मनगटावरच्या त्या चमकत्या पट्टीचा फोटो अजून डीपीवरून काढलेला नाही. कुणी दरवर्षी डिसेंबरात पुण्याला ‘सवाई’साठी रजा टाकतं. कुणी संभाजीनगरला सोनेरी महालासमोर थंडीत बसून सरोद ऐकून आलं. पोस्टी वाचायला मजा येते. आवाज कसा होता, खुर्ची कुठं मिळाली, पाण्याची बाटली केवढ्याला पडली, परत यायला किती वाजले, सगळं असतं त्यात. एका पोरानं तर ड्रमचा ठोका छातीत कसा वाजतो त्यावर तीन परिच्छेद लिहिले होते.

फक्त त्या पोस्टींमधलं ठिकाण जालना नसतं. तिकीट काढायचं, सकाळची वंदे भारत पकडायची, ऐकून यायचं. ही गाडी ३० डिसेंबर २०२३ ला जालना–मुंबई सुरू झाली, आता नांदेडपर्यंत गेली, आणि तिनं आपल्याकडच्या श्रोत्यांची मोठी सोय केली हे खरंच आहे. पण याच रुळांचा जुना इतिहास पाहिला तर गंमत वाटते.

मनमाडहून हैदराबादकडं जाणारी ही लाईन १९०० च्या सुमारास पडली. निजामाच्या मुलखातली गोदावरी खोऱ्याची रेल्वे, मीटरगेज. मुंबई-पुण्याकडून येणारी गाडी ब्रॉडगेज. म्हणजे मनमाडला सगळं उतरवायचं आणि छोट्या गाडीत पुन्हा भरायचं. कापसाच्या गाठी, धान्य, माणसं, सगळंच. आता ज्या काळात नाटक मंडळ्या शंभर-शंभर माणसांचा संसार घेऊन फिरत, तेव्हाचा विचार करा. रंगवलेले पडदे, कपड्यांच्या ट्रंका, दागिन्यांच्या पेट्या, ऑर्गन, तबले, आचारी, त्यांची भांडी. मराठवाड्यात खेळ लावायचा तर मनमाडच्या फलाटावर हा सगळा डोलारा हमालांच्या डोक्यावरून एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाणार. एवढा उपद्व्याप करून कोण येईल? जिथं गिऱ्हाईक आहे तिथंच. आणि जालन्यात गिऱ्हाईक होतं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण काही उगंच पडली नाही. इथल्या मोंढ्यात पैसा फिरत होता आणि पैसा फिरतो तिथं गाणं-बजावणं येतंच. ब्रॉडगेज आपल्याकडं आली ती १९९० च्या दशकात. तेव्हापासून मनमाडला काहीच उतरवावं लागत नाही. मात्र तेव्हापासून वाहतूक दुसऱ्या दिशेनं वाढली. आधी रेल्वे गाणाऱ्यांना घेऊन यायची, आता ऐकणाऱ्यांना घेऊन जाते.

आता दुसरी गोष्ट, जी आपण पार विसरलोय.

आपल्या नाट्यगृहाला मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांचं नाव आहे. आपण मात्र त्याचा पत्ता करून टाकलाय. ‘फुलंब्रीकरला ये’, ‘फुलंब्रीकरला सत्कार आहे’, ‘फुलंब्रीकरच्या समोर गाडी लाव’. मागे सात-आठ कॉलेजच्या पोरांना विचारलं, फुलंब्रीकर कोण? एक म्हणाला आमदार होते. दुसरा म्हणाला, नाही, स्वातंत्र्यसैनिक असतील. त्या दुसऱ्याला मी हसलो नाही. का ते पुढं सांगतो.

मास्टर कृष्णराव गायक आणि संगीतकार. आडनाव फुलंब्रीचं, म्हणजे संभाजीनगर–सिल्लोड रस्त्यावरच्या आपल्या शेजारच्या गावाचं. जन्म आळंदीचा. लहानपणी नाटकात काम करताना नाव झालं, मग भास्करबुवा बखल्यांकडं तालीम मिळाली. हेच बुवा बालगंधर्वांचेही गुरू. बुवा १९२२ साली गेले आणि गंधर्व नाटक मंडळीच्या संगीताची मोठी जबाबदारी या शिष्यावर आली. ‘कान्होपात्रा’ त्यातलंच. पुढं प्रभात कंपनीत गेले. ‘धर्मात्मा’, ‘गोपालकृष्ण’, ‘माणूस’, ‘शेजारी’ या सिनेमांचं संगीत त्यांचं. १९४२ चं ‘कुलवधू’ नाटक, ज्यात ज्योत्स्ना भोळे गायल्या, त्यातल्या चालीही त्यांच्या. नाटक, सिनेमा आणि मैफल तिन्हीकडं एवढी हुकमत असलेली माणसं महाराष्ट्रात हाताच्या बोटांवर मोजावीत. १९७१ मध्ये पद्मभूषण मिळालं, १९७४ मध्ये ते गेले.

पण माझ्या मते त्यांचं नाव आपल्या गावात असायला याहून मोठं कारण आहे. वंदे मातरम्.

स्वातंत्र्यापूर्वी मुंबई रेडिओवर थेट गाताना त्यांनी वंदे मातरम् म्हणायला घेतलं आणि प्रक्षेपण बंद करण्यात आलं. तेव्हा कार्यक्रम आजच्यासारखे आधी भरून ठेवलेले नसत; माणूस माइकसमोर बसून गातोय आणि घरोघरी त्याच क्षणी ऐकू येतंय, असा प्रकार. म्हणजे चालू मैफल तोडली. मास्तरांनी रेडिओवर बहिष्कार टाकला. उत्पन्न गेलं, प्रसिद्धी गेली. स्वातंत्र्य येईपर्यंत ते तिकडं फिरकले नाहीत. नंतर हे गीत राष्ट्रगीत व्हावं म्हणून दिल्लीला खेटे घातले, घटना समितीतल्या लोकांसमोर गाऊन दाखवलं. हे गीत समूहाला गाता येत नाही, बँडवर वाजत नाही, असा आक्षेप होता. त्यावर झिंझोटीत सोपी चाल बांधली आणि बँडवरही वाजवून दाखवली. अखेर २४ जानेवारी १९५० ला ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरलं आणि वंदे मातरम् ला त्याच्या बरोबरीचा मान मिळाला.

आता हे आपल्या बाजूनं बघा. आपण तेव्हा इंग्रजांच्या थेट राज्यात नव्हतो, निजामाच्या राज्यात होतो. सभा घ्यायची तर परवानगी. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव आजोबांच्या पिढीच्या तोंडी शिवीसारखं यायचं, ते याच परवानगीच्या फर्मानामुळं. चार माणसं एकत्र बसणार म्हटलं की आधी सरकारला कळवा. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहातल्या पोरांनी प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हटलं, त्यावर बंदी आली, पोरं अडून बसली आणि लोण हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठापर्यंत गेलं. शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यातल्या बऱ्याच जणांना पुढं नागपूर विद्यापीठानं घेतलं. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच. आजच्या भाषेत सांगायचं तर एक गाणं म्हटल्यावरून ॲडमिशन रद्द.

तिकडं मुंबईत ज्या गाण्यासाठी फुलंब्रीकरांनी रेडिओ सोडला, त्याच गाण्यासाठी इकडं आपल्या भागातली पोरं कॉलेज गमावून बसली. म्हणून त्या पोरानं ‘स्वातंत्र्यसैनिक असतील’ म्हटलं तेव्हा मला हसू आलं नाही.

याच फुलंब्रीकरांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या सांगण्यावरून बुद्धवंदनेलाही चाल दिली. हे तर आणखी कमी लोकांना ठाऊक. एप्रिल महिन्यात ज्या गावात गल्लोगल्ली भीमगीतांचे स्टेज लागतात, त्या गावात हे शाळेच्या पोरांना सांगायला हवं.

भीमगीतांचं नाव निघालंच तर हेही लिहितो, की जालना जिल्ह्यात गाणं बंदिस्त सभागृहात फारसं वाढलेलंच नाही. ते वाढलं उघड्यावर. जांब हे समर्थ रामदासांचं गाव आपल्या घनसावंगी तालुक्यात. दासबोधाच्या चौदाव्या दशकात कीर्तनलक्षण नावाचा अख्खा समास आहे, म्हणजे सादरीकरण कसं असावं याचा विचार इथल्या माणसानं साडेतीनशे वर्षांपूर्वी करून ठेवलाय. जुन्या जालन्यात आषाढीला आनंदी स्वामींची यात्रा, तिथं भजन. उरुसात कव्वाली. जयंतीला वामनदादा कर्डकांची गाणी, आणि प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजाची नक्कल करत घसा बसवून घेतलेला एक तरी पोरगा प्रत्येक वस्तीत. अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव, तिथं मोठमोठ्या शास्त्रीय गायकांना ऐकायला शेतकरी, मास्तर आणि किराणा दुकानदार मांडीला मांडी लावून बसतात. ज्यांना वाटतं की ख्याल ऐकणारा माणूस पुण्यातच जन्मतो, त्यांनी एकदा अंबडला येऊन सतरंजीवर बसावं.

या सगळ्या उघड्यावरच्या गाण्याला एक खासियत होती. वेळेचं बंधन नव्हतं. कीर्तन रंगलं तर रंगलं, कव्वालीचा मुकाबला पेटला तर कोंबडा आरवेपर्यंत. गंधर्व मंडळीचे खेळसुद्धा वन्स मोअर घेत घेत पहाटेपर्यंत चालत. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ मध्ये सुरू झाला, तोही पुढं अनेक वर्षं रात्रभर चालायचा.

ते संपलं २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आणि त्यानंतर २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद. मी या नियमाच्या विरोधात नाही, आधीच सांगून ठेवतो. घरात आजारी माणूस असताना खिडकीखाली डीजे वाजला की कायदा कसा गोड लागतो ते मला माहीत आहे. राज्य सरकारला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. ते दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या आणि ३१ डिसेंबरमध्ये वाटले जातात. मैफलीच्या वाट्याला फारसं काही उरत नाही. मालकंस, दरबारी हे उतरत्या रात्रीचे राग, ते आता लोक मोबाईलवर ऐकतात.

पण नियम नीट वाचला तर त्यात एक दार उघडं ठेवलंय. बंदिस्त जागा. सभागृह, कम्युनिटी हॉल, जिथला आवाज आतल्या आत राहतो, तिथं रात्री १० नंतरही ध्वनिक्षेपक लावता येतो. म्हणजे ज्या गावाकडं चांगलं, बंद, आवाज बाहेर न सोडणारं सभागृह आहे, त्या गावाकडं रात्रीचं गाणं शिल्लक आहे. ज्याच्याकडं नाही, त्याच्याकडं संध्याकाळी ७ ते १० आणि त्यातही पहिला पाऊण तास सत्कार.

सभागृहाचा प्रश्न म्हणूनच मला गटार-रस्त्यांच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो. लोक म्हणतील, पाणी आठवड्यातून किती वेळा येतं ते आधी बघा. बघतोच की. पण २०२३ मध्ये आपली नगरपरिषद महानगरपालिका झाली. महापालिकेचं गाव म्हटल्यावर गाणं ऐकायला ६० किलोमीटर संभाजीनगरला जायचं, की ते इथं व्हावं म्हणून काही मागायचं?

आणि मागायचं ते नेमकं मागू. नुसतं ‘अत्याधुनिक’ नको, त्या शब्दाखाली झुंबर आणि कारंजं येतं. मराठवाड्यातल्या एका सभागृहात (नाव लिहीत नाही) मी एका वयस्कर गायिकेला ऐकलं. स्पीकर गुणगुणत होता, पंख्यांचा घरघराट तानपुऱ्याच्या वर जात होता. बाईंनी शेवटी माइक बंद करायला सांगितला आणि तशाच गायल्या. पुढच्या पाच-सहा ओळींना स्वर्ग, मागच्यांना फक्त हातवारे. तर मागणी अशी: भिंतींना आवाज शोषणारं अस्तर, गुणगुण न करणारी वायरिंग, कलाकारांसाठी स्वच्छ संडास असलेली खोली (बायकांची वेगळी), ध्वनियंत्रणा चालवणारा शिकलेला एक कायमचा माणूस आणि गाण्या-नाटकासाठी वेगळं, कमी भाडं. लग्न आणि मैफल एकाच दरात बसवली तर मैफल कधीच होणार नाही. शिवाय वर्षातल्या काही तारखा आधीपासून फक्त संगीतासाठी राखून ठेवा. मास्टर कृष्णरावांच्या पुण्यतिथीचा २० ऑक्टोबर त्यात पहिला. त्या दिवशी गावातल्या शाळांनी त्यांची झिंझोटीतली चाल बसवून गावी, असं माझ्या मनात फार दिवसांपासून आहे. संगीत शिक्षकांपैकी कुणी तयार असेल तर इनबॉक्सला या.

आणखी एक काम तुम्हा सगळ्यांसाठी. आपल्या गावात कधी कोणती नाटक मंडळी उतरली, कोणत्या मैदानात तंबू पडला, कव्वालीचा मुकाबला कोणत्या चौकात रात्रभर चालला, हे एकत्र असं कुठंच लिहिलेलं नाही. आहे ते म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर आज रात्री जेवताना विचारा आणि खाली लिहा. साल नक्की आठवत नसेल तर ‘रझाकाराच्या आधी की नंतर’, ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर’ एवढं तरी विचारून घ्या. जुनं हँडबिल, तिकीट, जाहिरातीचा फाटका कागद, काहीही सापडलं तर सरळ उजेडात धरून फोटो टाका. कागदाची मागची बाजूही टाका. कधीकधी छापखान्याचं नाव तिथंच असतं.