मावळातील जलसंपत्ती व राष्ट्रीय अर्थव्यवस्था

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील मावळ प्रदेशात पडणाऱ्या पावसाच्या पाण्याचा वाहतूक, वीजनिर्मिती, उद्योगधंदे, शेती व नागरी पाणीपुरवठा यांसाठी झालेला उपयोग आणि त्यातून निर्माण झालेले आर्थिक व सामाजिक प्रश्न. नैसर्गिक साधनसंपत्ती जागच्या जागी असणे आणि तिची राष्ट्राच्या उत्पन्नात भर पडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये भांडवल, तंत्रविद्या, बाजारपेठ व राज्यसंस्थेचा अधिकार यांची साखळी असते. ही साखळी कशी जुळते आणि तिचा भार कोणावर पडतो, हे दाखविणारी मावळाइतकी स्पष्ट उदाहरणे भारतात थोडीच आढळतात.

सह्याद्रीच्या माथ्यावरील लोणावळा समुद्रसपाटीपासून सु. ६२० मी. उंचीवर असून तेथे वर्षाला ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सु. ६५ किमी.वरील पुण्यास त्याच्या पंचमांशाहूनही कमी पाऊस मिळतो. जवळजवळ सर्व पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. इंद्रायणी, आंध्रा, पवना, मुळा या नद्या येथे उगम पावून पूर्वेकडे भीमेस व पुढे कृष्णेस मिळतात. पश्चिमेस मात्र काही किमी.च्या आतच घाटाचा कडा कोकणात सु. ५०० मी. खाली उतरतो. येथील कठीण काळा पाषाण धरणाच्या पायास उत्तम असून बांधकामाचा दगडही जागेवरच मिळतो. भरपूर पाऊस, अरुंद तोंडाची खोरी आणि लगतचा उंच कडा यांचा असा संयोग दुर्मिळ होय. परंतु तो शतकानुशतके उपयोगाविना राहिला. कारण उंचीचे मोल करणारे यंत्रच अस्तित्वात नव्हते.

जुन्या काळी या प्रदेशाचे महत्त्व होते ते घाटवाटेमुळे. कोकणातील बंदरे व दख्खनचे पठार यांना जोडणाऱ्या बोरघाटाच्या परिसरातच कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी खोदली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत ‘मामाल’ असा जो प्रदेशनिर्देश येतो, तो मावळाचाच मानला जातो. तेथे वर्षावास करणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठी करजिक हे गाव नहपानाचा जावई उषवदात याने दान दिल्याचा लेख आहे. पावसाळा व जमिनीचे उत्पन्न यांचा संबंध जोडणारा हा या प्रदेशातील फार जुना लेखी दाखला म्हणता येईल.

पाण्याचा आधुनिक उपयोग प्रथम रेल्वेने केला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये खुला झाला आणि दख्खनचा कापूस मुंबई बंदराशी थेट जोडला गेला. चढावर गाड्या ओढणाऱ्या वाफेच्या एंजिनांना पाणी लागे. त्यासाठी रेल्वेने लोणावळ्याजवळ भुशी येथे धरण बांधले. आज पावसाळी सहलींसाठी प्रसिद्ध असलेले हे धरण मुळात एंजिनांची तहान भागविण्यासाठी होते, याचा विसर पडला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या कापडगिरण्या कोळशावर चालत. हा कोळसा बंगालच्या खाणींतून रेल्वेने अथवा समुद्रमार्गे येई, काही प्रमाणात परदेशांतूनही आणला जाई. कोळशाच्या किंमतीइतकाच, किंबहुना अधिक, बोजा त्याच्या वाहतुकीचा होता. शहरावर धुराचे सावट असे ते वेगळेच. मुंबईतील वास्तुविशारद डेव्हिड गॉस्टलिंग यांनी घाटमाथ्यावरील पाणी साठवून त्यापासून वीज निर्माण करण्याची कल्पना जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) यांच्यापुढे मांडली. दार्जिलिंग (१८९७) व कावेरीवरील शिवसमुद्रम् (१९०२) येथे तोपर्यंत वीजकेंद्रे सुरू झालेली होती; पण शिवसमुद्रमला नदीचा प्रवाह हाताशी होता, येथे चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायचा होता. म्हणजे या योजनेचा खरा प्राण वीजयंत्रांपेक्षा साठवणीत होता. जमशेटजींच्या मृत्यूनंतर दोराबजी टाटा यांनी ती पुढे नेली. लंडनच्या भांडवल बाजारात स्वीकारार्ह अटींवर पैसा मिळेना, तेव्हा तो भारतातच उभारण्यात आला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचा योजनेस पाठिंबा होता. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना होऊन फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळा येथे वळवण धरणाच्या कामाचा प्रारंभ झाला.

याच तालुक्यात त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या दुसऱ्या एका उद्योगाची येथे आठवण होते. लोकांकडून पै-पैसा गोळा करून पैसा फंडाने तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये काचकारखाना काढला. स्वदेशी भांडवलाचे हे दोन प्रकार, एक बाजारपेठेतील धनिकांचे व दुसरे वर्गणीदारांचे, काही किमी.च्या अंतरावर एकाच काळात नांदत होते. मोठी धरणे मात्र पहिल्याच प्रकाराने होऊ शकत होती.

वळवण, लोणावळा व शिरवटा येथील तलावांचे पाणी कालव्याने खंडाळ्याकडे व तेथून पोलादी नळांनी खोपोली येथील वीजकेंद्रात आणण्यात आले. पाण्याची पडउंची ५०० मी.हून अधिक असून ती त्या काळी जगातील मोठ्या पडउंच्यांत गणली जाई. १९१५ मध्ये केंद्र सुरू झाले व सु. ७० किमी. लांबीच्या उच्च दाबाच्या तारांनी वीज मुंबईत परळ येथे पोहोचली. प्रारंभीचे ग्राहक प्रामुख्याने गिरण्याच होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळसा व तो वाहून आणणाऱ्या वाघिणी या दोहोंची टंचाई निर्माण झाली, तेव्हा विजेवर चालणाऱ्या गिरण्यांना या योजनेचे मोल विशेष जाणवले. पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून भिवपुरीचे केंद्र (१९२२) व मुळशी धरणाच्या पाण्यावर भिरा येथील केंद्र (१९२७) सुरू झाले. मुंबईतील गिरण्या, ट्रामगाड्या, उपनगरी रेल्वे व घरगुती दिवे यांना दीर्घकाळ आधार राहिला तो या तीन केंद्रांचा. खोपोली (७२ मेवॉ.), भिवपुरी (७५ मेवॉ.) व भिरा (उदंचित संचासह ३०० मेवॉ.) मिळून त्यांची स्थापित क्षमता ४४७ मेवॉ. आहे.

उंचीचे मोल किती, हे साध्या गणिताने कळते. एक घमी. पाणी ५०० मी. खाली पडले असता सैद्धांतिक दृष्ट्या सु. १·३६ एकक (किलोवॉट-तास) ऊर्जा मिळते. नळ व यंत्रांतील तूट वजा जाता एका एककाहून थोडी अधिक वीज हाती लागते. पन्नास मी. पडउंचीच्या धरणात तेवढ्याच विजेसाठी दहापट पाणी लागेल. म्हणूनच मावळचे पाणी त्याच्या स्वाभाविक मार्गाने पूर्वेकडे न सोडता पश्चिमेस वळविण्यात आले. वीजनिर्मितीनंतर ते पाताळगंगा, उल्हास व कुंडलिका या कोकणातील नद्यांत उतरते. या नद्या पूर्वी उन्हाळ्यात क्षीण होत. आता त्या बारमाही झाल्या. त्यांच्या काठी रसायनी, अंबरनाथ, बदलापूर, रोहे या परिसरांत कारखानदारी व नागरी वस्ती वाढली, ती बऱ्याच अंशी या सोडपाण्याच्या भरवशावर. मूळ योजनाकारांच्या हिशेबात हा लाभ मुख्य नव्हता. आज मात्र तो विजेच्या तोडीचा झाला आहे.

या लाभाची दुसरी बाजू मुळशीत प्रकट झाली. मुळशी हा आजच्या मावळ तालुक्याचा भाग नसला, तरी जुन्या बारा मावळांच्या प्रदेशातच तो मोडतो. नीला व मुळा यांच्या संगमाजवळील धरणाने पन्नासाहून अधिक गावांना झळ पोहोचणार होती. भाताची उत्तम जमीन १८९४ च्या भूमिसंपादन कायद्याखाली घेण्यात आली. खाजगी कंपनीच्या प्रकल्पास ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणता येते काय, हा प्रश्न येथे ठळकपणे पुढे आला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, विनायकराव भुस्कुटे व पां. म. बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी येथेच लाभली. महात्मा गांधींनी यंग इंडियातून टाटांना या प्रश्नाचा विचार करण्याची विनंती केली. तथापि जमिनींचा मोठा भाग सावकारांकडे गहाण होता आणि त्यांना जमिनीपेक्षा रोख मोबदल्यात रस होता. त्यामुळे पुण्यातील पुढाऱ्यांतही एकमत राहिले नाही. कारावास सोसूनही १९२४ च्या अखेरीस चळवळ संपुष्टात आली व धरण पूर्ण झाले. मोठ्या धरणाविरुद्ध झालेल्या जगातील पहिल्या संघटित आंदोलनांत तिची गणना होते. सत्याग्रहींचा विरोध विजेला नव्हता. कसणाऱ्याची संमती न घेता त्याची जमीन काढून घेण्याला होता. नुकसानभरपाईचा हिशेब जमिनीच्या बाजारभावावर बेतलेला होता. कुळाची वहिवाट, गायरान, रानातील हक्क व गावगाड्यातील बलुते यांना त्यात स्थान नव्हते. पुढे भारतात बांधल्या गेलेल्या कित्येक धरणांच्या पुनर्वसनात हीच उणीव राहिली, हे लक्षात घेता मुळशीचा धडा वेळीच घेतला गेला नाही असे म्हणावे लागते.

राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेतही या पाण्याची वाटणी विलक्षण होते. पाऊस पडतो व तलाव भरतात ते पुणे जिल्ह्यात; वीजकेंद्रे आहेत ती रायगड जिल्ह्यात; वीज वापरली जाते ती मुख्यतः मुंबईत. वीजनिर्मितीचे मूल्य केंद्र जेथे असेल तेथे व कारखान्यातील उत्पादनाचे मूल्य कारखाना जेथे असेल तेथे धरले जाते. पाणी व बुडालेली जमीन पुरविणाऱ्या मावळाच्या खात्यावर यांपैकी फार थोडे जमा होते. पाण्याच्या मूळ किंमतीचा, म्हणजे ते दुसरीकडे वापरले असते तर काय मिळाले असते याचा, विचार तर या पद्धतीत येतच नाही.

हा विचार कृष्णा पाणीतंटा लवादापुढे (अध्यक्ष रा. स. बचावत) आला. लवादाने १९७३ च्या निवाड्यात व १९७६ च्या अंतिम निर्णयात पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातल्या. टाटांच्या केंद्रांसाठी ती वार्षिक सरासरी सु. ४२ अब्ज घफू., म्हणजे सु. १·२ अब्ज घमी. आहे. एवढ्या पाण्यापासून वर्षाला सव्वा ते दीड अब्ज एकक वीज मिळू शकते. तेच पाणी भीमेच्या खोऱ्यात राहिले आणि हेक्टरी १०,००० घमी. असा वापर धरला, तर कालव्यातील व बाष्पीभवनातील तूट सोडून सु. १·२ लाख हेक्टर जमीन भिजेल. सोलापूर जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातून हे पाणी पूर्वेकडे वळवावे अशी मागणी वेळोवेळी होते, तिचे मूळ या आकड्यात आहे. वीज अन्य साधनांपासून निर्माण करता येते, पाणी येत नाही, हा त्यामागील युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण कोकणातील सोडपाण्यावर शंभर वर्षांत जी वस्ती व कारखानदारी उभी राहिली, तिला पर्यायी पाणी कोठून द्यावयाचे याचे उत्तर त्यात नाही. शिवाय ही केंद्रे काही मिनिटांत सुरू वा बंद करता येत असल्याने मुंबईच्या विजेच्या मागणीतील चढउतार सांभाळण्यास ती विशेष उपयुक्त ठरतात. केवळ एककांच्या संख्येवरून त्यांचे मोल ठरविणे योग्य नव्हे.

मावळातील शेतकऱ्याला या संपत्तीचा थेट लाभ होतो तो मुख्यतः भातपिकातून. आंबेमोहोर हा येथील परंपरागत सुवासिक तांदूळ. वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरातून इंद्रायणी हे वाण विकसित केले व ते १९८७ मध्ये प्रसृत झाले. अधिक उत्पादन व टिकून राहिलेला सुवास यांमुळे ते लवकरच मावळाबाहेरही पसरले. धरणाच्या तुलनेत अल्प खर्चात झालेली ही मूल्यवृद्धी उपेक्षिली जाते.

पवना नदीवरील धरण १९७० नंतरच्या काही वर्षांत पूर्ण झाले आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक वाढीस त्याचे पाणी मिळाले. धरणातून शहराकडे बंदिस्त जलवाहिनीने पाणी नेण्याच्या योजनेस मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. नदीतून वाहणारे पाणी काठच्या गावांना उपसून घेता येते, नळातून जाणारे येत नाही, हे त्यामागील एक सरळ कारण होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबाराने तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर जलवाहिनीचे काम दीर्घकाळ थांबले.

अलीकडे या प्रदेशाच्या उंचीला पुन्हा नवे महत्त्व आले आहे. सूर्य व वारा यांपासूनची वीज हवी तेव्हा मिळत नाही, म्हणून ती साठविण्यासाठी खालचे पाणी वरच्या तलावात चढवून मागणीच्या वेळी पुन्हा खाली सोडणाऱ्या उदंचन योजना आखल्या जात आहेत. शिरवटा येथे १,८०० मेवॉ. व भिवपुरी येथे १,००० मेवॉ. क्षमतेच्या योजनांसाठी टाटा पॉवर कंपनी व महाराष्ट्र शासन यांच्यात २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. अशा योजनेत तेच पाणी पुनःपुन्हा वापरले जात असल्याने क्षमतेच्या मानाने नवे पाणी थोडे लागते. चढविण्यासाठी खर्च होणारी वीज मात्र परत मिळणाऱ्या विजेपेक्षा अधिक असते.