हवापालट

‘थंड हवेचे ठिकाण’ हा शब्दप्रयोग आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील विसंगती सहसा जाणवत नाही. या तीन शब्दांत डोंगर कुठेच नाही. आहे ती केवळ हवा, आणि तीही खालून वर आलेल्याच्या अंगाला लागलेली. जावळीच्या खोऱ्यात जन्मलेल्या माणसाने आपल्या गावाला हे नाव कधी दिले नसते. त्याच्या लेखी ती नुसती हवा. गरम होता तो बाकीचा मुलूख. ‘हवापालट’ या शब्दाचेही तेच. जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांत डॉक्टरांचे सगळे उपाय हरले की ते हा शब्द उच्चारतात आणि पुढच्या प्रकरणात नायिका दरीच्या कडेवरील बंगल्याच्या व्हरांड्यात शाल पांघरून बसलेली असते. ही व्हरांड्यातली शाल मराठी साहित्यात आली कोठून, हा प्रश्न आम्हांला वर्गात शिकवताना अनेकदा पडला. त्याचे उत्तर साहित्याच्या इतिहासात कमी आणि महसुलाच्या व वैद्यकाच्या इतिहासात अधिक सापडते.

डोंगरावर वास्तव्यास जाण्याचे कारण निसर्गसौंदर्य होते, हा समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. पहिले कारण मृत्यू हे होते. कंपनी सरकारचे गोरे शिपाई आणि अंमलदार लढाईत मरत त्याहून किती तरी अधिक तापाने आणि पटकीने मरत. आजारी अंमलदाराला रजा देऊन केप ऑफ गुड होपला किंवा थेट विलायतेस पाठवणे खर्चाचे आणि वेळखाऊ होते. त्यापेक्षा विलायतेसारखी हवा येथेच कोठे मिळते का, याचा शोध स्वस्त होता. जनरल लॉडविक १८२४ साली महाबळेश्वरच्या पठारावर चढला आणि मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने पुढील चार-पाच वर्षांत तेथे आरोग्यस्थान उभे करण्याचे काम हाती घेतले. १८२९ साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार झाला. वाई प्रांतातील खंडाळा हे गाव महाराजांना देऊन कंपनीने डोंगरमाथा आपल्याकडे घेतला. नव्या वस्तीला ‘माल्कम पेठ’ हे नाव मिळाले. गावाच्या बदल्यात हवा, असा हा व्यवहार होता. ज्या छत्रपतींनी तो केला त्यांनाच कंपनीने १८३९ साली पदच्युत करून काशीला रवाना केले. तेही स्थलांतरच, त्याला मात्र हवापालट म्हणण्याची कोणाची छाती झाली नाही.

माल्कम पेठेच्या आधी तेथे काही नव्हते असे मुळीच नाही. क्षेत्र महाबळेश्वर होते, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री यांच्या उगमाचे पंचगंगा मंदिर होते, यात्रेकरू होते. तीर्थाला जाणारा माणूस डोंगरावर राहण्यासाठी जात नसे. दर्शन घेऊन तो उतरत असे. तेथे राहणारे होते ते कोळी, कुणबी, धनगर आणि धावड. या धावडांविषयी दोन शब्द अधिक लिहिले पाहिजेत, कारण महाबळेश्वरच्या पर्यटन-पुस्तिकांत स्ट्रॉबेरीला पानभर जागा असते आणि धावडांना एक ओळही नसते. डोंगरातल्या तांबड्या दगडातून लोखंड गाळणे हा त्यांचा पिढीजात धंदा. त्यासाठी लाकडाचा कोळसा लागे, कोळशासाठी जंगल लागे. साहेबाला तेच जंगल सावलीसाठी, फेरफटक्यासाठी आणि पुढे सरकारी खात्यासाठी हवे होते. जंगलावर निर्बंध आले, कोळसा मिळेनासा झाला आणि भट्ट्या विझल्या. १८८५ च्या सातारा जिल्हा गॅझेटियरात ही जमात एक नोंद होऊन उरली आहे. एकाच्या येण्याचे कारण हे दुसऱ्याचे चरितार्थाचे साधन हिरावण्याचे कारण कसे होते, याचे इतके लहान आणि इतके स्पष्ट उदाहरण आमच्या पाहण्यात दुसरे नाही.

आणखी एक विस्मृत वर्ग कैद्यांचा. माल्कम पेठेत तुरुंग बांधून तेथे सागरापलीकडून आणलेले चिनी आणि मलायी कैदी ठेवले होते. रस्त्यांची कामे त्यांच्याकडून करून घेतली गेली आणि बटाटे व विलायती भाज्या यांची लागवडही त्यांच्याच हातून वाढली. महाबळेश्वरला राहायला येण्याची जी अनेक कारणे इतिहासात नमूद आहेत, त्यांत ‘बेडी’ हे एक कारण धरले पाहिजे. २०१० साली येथील स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा त्या बातम्यांत या मंडळींची आठवण निघाल्याचे आमच्या तरी वाचनात नाही.

आता हवेच्या शास्त्राकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील वैद्यक असे मानत असे की दलदलीतून, कुजलेल्या पाल्यातून दूषित वाफ उठते आणि ती श्वासातून गेली की ताप येतो. ‘मलेरिया’ या शब्दाचा मूळ इटालियन अर्थच मुळी वाईट हवा. वाईट हवा खाली, म्हणून चांगली हवा वर; इतके सरळ हे गणित होते. १८९७ साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत डासाच्या पोटात या रोगाचे जंतू पाहिले आणि हवेवरचा आरोप मागे घ्यावा लागला. गंमत अशी की सिद्धान्त चुकीचा असला तरी उपाय अगदीच फसला नव्हता. साडेचार हजार फुटांवरच्या गारव्यात डासांचा आणि त्यांच्यातल्या जंतूंचा निभाव लागणे कठीण होते. चुकीच्या कारणासाठी बांधलेली शहरे बरोबर ठरली. कारण खोटे पडले म्हणून मात्र कोणी बंगला रिकामा केला नाही. तोवर डोंगराला दुसरी कारणे मिळाली होती. उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्कामच महाबळेश्वरी हलत असे, आणि सरकार जेथे जाई तेथे अर्जदार, वकील, संस्थानिक आणि व्यापारीही जात.

पाचगणीची कथा थोडी वेगळी आहे. महाबळेश्वरचा पाऊस असह्य. चार महिने माणसाने तेथे राहू नये असाच तो कोसळतो. वीसेक किलोमीटर पूर्वेला पाऊस एकदम कमी होतो. जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या दशकात तेथे बारमाही राहण्याजोगी वस्ती वसवली, सिल्व्हर ओक लावले. निवृत्त गोऱ्यांनी विलायतेस न परतता येथेच उर्वरित आयुष्य घालवावे, अशी ती कल्पना होती. म्हणजे येथे प्रथमच हवापालटाचे रूपांतर कायमच्या मुक्कामात होऊ पाहत होते. पुढे शाळा आल्या. १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. क्षयावर औषध नव्हते तोवर हवा हेच औषध होते. स्ट्रेप्टोमायसिन आले आणि एका पिढीत ते कारणही मावळले. १९४४ साली मलेरियाने खंगलेल्या गांधीजींची आगाखान पॅलेसमधून सुटका झाली, त्यानंतर विश्रांतीसाठी त्यांनी काही दिवस पाचगणीतच घालवले. वाईट हवेचा रोग आणि चांगल्या हवेचे गाव यांची ही शेवटच्या काळातली एक मोठी भेट म्हणायची.

वर जाणाऱ्यांची कारणे अशी अहवालांत, गॅझेटियरांत, पत्रांत भरभरून लिहिलेली आहेत. त्याच वाटेने खाली उतरणाऱ्यांची कारणे कोठे आहेत? जावळी आणि पाटण तालुक्यांतून हजारो माणसे मुंबईला गेली. गिरण्यांत लागली, बाजारांत पाठीवर ओझी वाहू लागली. १९६९ चा माथाडी कायदा ज्या हमालांच्या लढ्यातून आला, त्यांत या डोंगरी तालुक्यांतली माणसे मोठ्या संख्येने होती. नाचणी-वरीच्या उतारावर पोट भरत नाही, हे त्यांचे साधे कारण. पुढे कोयनेचे धरण झाले आणि पोट भरणारी खोऱ्यातली जमीनही पाण्याखाली गेली. मुळशीत तर हे आधीच घडले होते; धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे लढले आणि हरले. त्याच मुळशी तालुक्यात, मोसे खोऱ्यात, नव्या शतकात लवासा हे डोंगरी शहर उभे राहिले, १९९६ च्या गिरिस्थान नियमावलीच्या आधाराने. २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तेथील जाहिरातींतली कारणे माल्कमच्या काळापेक्षा फारशी निराळी नव्हती: हवा, शांतता, तळ्याकाठचे घर. तळे कोणाच्या शेतावर साठले आहे, हे जाहिरातीत लिहिण्याची पद्धत नाही.

मराठी साहित्याने उलट्या दिशेचे एक पात्र दिले आहे. गो. नी. दांडेकरांच्या ‘माचीवरला बुधा’ मधील बुधा मुंबई सोडून राजमाचीच्या परिसरात परततो आणि झाडे, पाखरे, जनावरे यांच्या संगतीत राहतो. त्याला हवापालट नको आहे. तो आपल्या हवेत परत आला आहे. ही कादंबरी शिकवताना आम्ही वर्षानुवर्षे निसर्ग, एकांत, आदिम ओढ वगैरे शब्द फळ्यावर लिहीत आलो. एका वर्षी कोयना खोऱ्यातल्या विस्थापित कुटुंबातला एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. तो म्हणाला, “सर, बुधाला परत जायला निदान माची तरी होती. आमच्या आज्याचं गाव बघायचं तर पाणी उतरायची वाट बघावी लागते.” फळ्यावरचे शब्द तेव्हा पुसायचे राहिले होते. आम्ही त्याला काही उत्तर दिल्याचे स्मरत नाही.

त्यानंतर आम्ही त्या कादंबरीच्या जोडीला ओव्या वाचू लागलो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा आकडा लाखावर जातो आणि त्या कामाची मुळे मुळशी-मावळातल्या डोंगरी गावांत आहेत. तेथे डोंगर आहे, पण ‘दृश्य’ म्हणून नाही. तो डोक्यावरच्या मोळीत आहे, माहेरच्या चढणीत आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या परिचयातले काही सुशिक्षित मित्र घरून काम करण्याच्या सोयीमुळे पाचगणी-भिलारकडे राहायला गेले. त्यांनी सांगितलेली कारणे आम्ही वहीत टिपून ठेवली आहेत. मागील वर्षी तीच वही घेऊन विद्यार्थ्यांसह एका वाडीत गेलो आणि येथील मुले खाली का गेली, असे एका आजींना विचारले. त्यांनी आधी आम्हांला विचारले, “तुम्ही कशापायी आलायसा वर?” त्या रकान्यात काय लिहावे हे अजून ठरलेले नाही.