दमदमची गोळी आणि जोहान्सबर्गचा कुडू

मागे एका प्रोजेक्टसाठी तीन महिने जोहान्सबर्गला होतो. क्लायंटच्या ऑफिसात एक वयस्कर डेटाबेसवाला होता, आणि दर हिवाळ्यात शिकारीला जाणं हा त्याचा घरचा रिवाज. एका शनिवारी त्याने जेवायला बोलावलं. जेवणाआधी त्याने टेबलावर दोन काडतुसं उभी केली. दोन्ही थर्टी-ऑट-सिक्सची, म्हणजे एकाच रायफलमध्ये बसणारी. फरक फक्त टोकाला. एकाची गोळी अणकुचीदार, पूर्ण तांब्याच्या कवचात, चकचकीत. दुसरीच्या टोकाला शिसं उघडं, करडं, बोथट.

"उद्या कुडू मारायचाय. यातली कुठली घेशील?"

कुडू म्हणजे नागमोडी शिंगांचं, घोड्याएवढं उंच, हरणासारखं जनावर. नर सव्वादोनशे-अडीचशे किलोचा. माझा बंदुकीचा एकूण अनुभव म्हणजे एनसीसीच्या कॅम्पात पॉइंट टू-टूने झाडलेल्या पाच गोळ्या, त्यातल्या दोन शेजारच्याच्या टार्गेटवर :) मी अर्थातच चकचकीत उचलली.

तो म्हणाला, "हिने कुडू मरतो, पण तुला सापडत नाही."

तर मुद्दा असा. पूर्ण कवचाची गोळी बहुतेक वेळा आपला आकार न बदलता आरपार जाते. भोक पेन्सिलीएवढं. जनावर पळतं, झुडपात शिरतं आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी मरतं. शिवाय गोळी मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावराला लागायची भीती. उघड्या शिशाची गोळी आत शिरल्यावर अळंबीसारखी फुलते, मोठी जखम करते. हृदय-फुफ्फुसात लागली तर जनावर थोड्याच अंतरावर कोसळतं. तिथे नियमही कडक. सफारीत रक्ताचा थेंब सांडला की जनावर सापडो न सापडो, पैसे भरायचे.

हे ऐकताना मला वाटत होतं की फुलणाऱ्या गोळ्यांबद्दल आपण कुठेतरी वाईट वाचलंय. भारतात परतल्यावर दोन-तीन वीकांत त्यातच गेले, आणि धागा चक्क कोलकात्यात निघाला. विमानाने कोलकात्याला गेला असाल तर तुम्ही दमदमलाच उतरलात. त्या दमदमला ब्रिटिशांचा दारूगोळ्याचा कारखाना होता.

१८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने थ्री-नॉट-थ्री स्वीकारली (तीच, जी पुढे कित्येक दशकं आपल्या पोलिसांच्या खांद्यावर दिसली). तिची गोळी २१५ ग्रेनची. एक ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, आपल्या गुंजेच्या साधारण निम्मं. म्हणजे गोळी झाली १४ ग्रॅमची, पूर्ण कवचाची. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेनंतर तक्रार आली की गोळी लागूनही पठाण चालून येतात. मग दमदमचे कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं कवच थोडं कमी करून शिसं उघडं ठेवलं. १८९७-९८ च्या तिराहच्या लढाईत ती वापरली गेली आणि दमदमचं नाव जगभर झालं.

यात नवं काही नव्हतं. शिकारी लोक एक्सप्रेस रायफलींमध्ये पोकळ टोकाच्या, फुलणाऱ्या गोळ्या कित्येक वर्षं वापरत होते. दमदमने शिकाऱ्याची युक्ती माणसावर वापरली, एवढंच.

१८९९ च्या हेगच्या परिषदेत यावरून जुंपली. ट्युबिंगेनचे सर्जन प्रा. ब्रुन्स यांनी केलेल्या भयानक जखमांच्या प्रयोगांचा दाखला दिला गेला. ब्रिटिश म्हणाले, ते प्रयोग आमच्या गोळीचे नाहीतच, शिकारीच्या गोळ्यांचे आहेत, त्यांचं शिसं कितीतरी जास्त उघडं असतं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर! पण त्यांचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा दुसरा युक्तिवाद असा, की सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की थांबतो, 'रानटी' माणूस थांबत नाही. म्हणजे त्याच्यासाठी शिकारीची गोळी. वाचताना कसंतरीच झालं. शेवटी फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली. ब्रिटनने ती १९०७ मध्ये मान्य केली. बंदी मात्र करार करणाऱ्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरतीच होती. वसाहतींमधली माणसं त्यात बसत नव्हती.

आता गंमत बघा. जी गोळी माणसासाठी क्रूर म्हणून बंद झाली, तीच जनावरासाठी दयाळू म्हणून निवडली जाते. माझ्या डोक्यात हे बरेच दिवस बसत नव्हतं. उत्तर १८६८ च्या सेंट पीटर्सबर्गच्या जाहीरनाम्यात मिळालं. युद्धाचा हेतू शत्रूचं बळ कमी करणं, त्याला लढण्याजोगं न ठेवणं, एवढाच असावा असं त्यात म्हटलंय. जखमी सैनिकाला उचलून नेणारं कुणीतरी असतं. जखमी कुडूला हॉस्पिटल नसतं. त्याच्यासाठी अर्धवट जखम हीच सगळ्यात मोठी क्रूरता.

मग नुसती फुलणारी गोळी घेतली की झालं का? नाही, खरं डोकं इथे लागतं. आफ्रिकेच्या माळावर एकाच दिवशी, एकाच रायफलसमोर ५० किलोचा इम्पाला येतो आणि ८०० किलोचा ईलंडही. अंतर कधी ५० मीटर, कधी ३००. जवळून गोळीचा वेग जास्त, म्हणून ती भसकन फुलते, खांद्याच्या हाडावर फुटूनही जाते आणि फुफ्फुसापर्यंत पोचतच नाही. लांबून वेग कमी, मग फुलतच नाही. नामिबियाचा कायदा स्प्रिंगबॉकसाठी किमान १३५० जूल आणि कुडू-ईलंडसाठी २७०० जूल ऊर्जा मागतो. १८० ग्रेनची थर्टी-ऑट-सिक्स ३९०० च्या आसपास देते. पण गोळीने आत गेल्यावर कसं वागावं, ते हा आकडा सांगत नाही.

थिओडोर रूझवेल्ट १९०९-१० मध्ये स्मिथसोनियन संग्रहालयासाठी आफ्रिकेत गेले. बापलेकांनी मिळून ५१२ जनावरं मारली. त्यांच्या स्प्रिंगफील्डमध्ये लष्करी, टोकदार, पूर्ण कवचाची गोळी होती आणि ते तिच्यावर खूश होते. अशी गोळी कधीकधी आत कोलांट्या खाते आणि मोठी जखम करते. पण कधीकधीच. 'माझ्या मशीनवर चालतंय' म्हणणारे आपल्यालाही माहीत आहेत!

१९४६ मध्ये ऑरेगॉनचा ट्रकवाला जॉन नोस्लर कॅनडात मूसच्या शिकारीला गेला. चिखलाने माखलेल्या मूसच्या अंगावर त्याच्या वेगवान गोळ्या वरच्यावरच फुटल्या. घरी येऊन त्याने एक गोळी बनवली, जिच्यात पुढे शिसं, मागे शिसं आणि मधे तांब्याची भिंत. पुढचा भाग फुलतो, मागचा तसाच राहून खोल जातो. १९४८ पासून 'पार्टिशन' विकायला आली आणि अजूनही विकली जाते. आपल्या भाषेत, एका मॉड्यूलवर दोन कामं लादू नका.

१९८९ मध्ये बार्न्स कंपनीची अख्खी तांब्याची गोळी आली. फुलल्यावर चार पाकळ्या होतात, तुकडे जवळजवळ पडत नाहीत. तेव्हा हा फक्त खोल जाण्याचा गुण होता. शिशाच्या गोळीचे बारीक कण मात्र मांसात विखुरतात. शिकारी आतडी टाकून जातो, गिधाडं ती खातात. कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर गिधाडांसाठी २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. बोट्स्वानाच्या गिधाडांच्या रक्तातही शिसं सापडलंय. डायक्लोफिनॅकपायी आपली गिधाडं कशी गेली हे पाहिलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे आधी प्रश्न होता गोळी लागल्यावर जनावराचं काय होतं, आता त्यात उरलेलं खाणाऱ्याचं काय होतं हेही आलं. यादी वाढतेच आहे आणि ती वाढावी असं मला वाटतं.

त्या रविवारी मी शिकारीला गेलो नाही. संध्याकाळी त्याचा फोन आला, कुडू मिळाला म्हणून. सोमवारी डब्यात त्याचं मांस होतं, मी खाल्लं. 'किती पळाला?' असं विचारलं. "चाळीस पावलं," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, "मागच्या वर्षीचा अजून सापडलेला नाही."