परमुलखातले ताट

सिल्वासा हे नाव कानी पडले की मराठी माणसास प्रथम आठवतो तो १९५४ चा पावसाळा. त्या वर्षी २२ जुलैस दादरा मोकळे झाले, २ ऑगस्टला सिल्वासावर तिरंगा चढला. त्या धाडसात सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. ज्याला याहून मागे जाण्याची आवड आहे, त्याला पुणे दरबाराने १७७९ साली पोर्तुगीजांशी केलेला तह आठवेल. त्या तहाने पोर्तुगीजांना १२,००० रुपये वसुलाची गावे मिळाली. पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी निर्णय देताना म्हटले, की मराठ्यांनी दिला तो महसूल, सार्वभौमत्व नव्हे. आता महसूल म्हणजे तरी काय? या डोंगरउतारावर पिकणारे भात आणि नागली. कोणत्या राजाने किती धान्य उचलले याचे दप्तर जपून ठेवले गेले. ते धान्य शिजवून कोणी कोणास वाढले, हे मात्र कोणत्याच दप्तरात सापडत नाही. आजचे भाषण त्या न लिहिलेल्या भागाविषयी आहे.

वापी स्टेशनावर उतरून दमणगंगेच्या खोऱ्याने सिल्वासास यावे. स्थानिक लोक याला सेलवास म्हणतात. संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटण्याच्या सुमारास एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या कडेला उभे राहिले, की एक विशिष्ट तऱ्हेचे दुकान दृष्टीस पडते. वर पत्रा, आत तीन-चार बाके, दारातच चूल किंवा शेगडी, एक माणूस रांधणारा आणि एक पोऱ्या वाढणारा. पाटीवर ‘भोजनालय’ लिहिलेले असते. कधी पाटीच नसते. मी ज्या दुकानी बसलो, तेथे खिळ्याला दोऱ्याने बांधलेली एक वही लोंबत होती. शेजारच्या बाकावरचा तरुण जेवून उठला, हात धुतले, वहीत स्वतःच काहीतरी खूण केली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. पैसे मागणे नाही की देणे नाही. त्या वहीकडे पाहताना मला मुंबईच्या गिरणगावाची आठवण झाली.

परंतु गिरणगावाकडे वळण्यापूर्वी थोडे दूर जपानला जाऊन येऊ. कारण असले दुकान केवळ आपल्याच देशात निघाले असे नाही. तेथे गल्लोगल्ली रामेनची लहान दुकाने असतात. दारावर कापडी झालर, आत आठ-दहा माणसांपुरती लाकडी फळी, फळीपलीकडे वाफेत उभा असलेला मालक. हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा आणि त्यात गव्हाच्या शेवया. त्या शेवयांच्या पिठात एक क्षार घालतात. आपल्याकडे पापडाच्या पिठात पापडखार घालावा तसाच. त्यामुळे शेवया पिवळसर आणि चिवट होतात, रश्शात लगेच विरघळत नाहीत. त्या मोठ्याने भुरकून खाल्ल्या तरी तेथे कोणी असभ्य म्हणत नाही, ही गोष्ट आपल्या कढी-भुरक्याच्या परंपरेस निश्चितच आवडेल!

गंमत अशी, की ज्या पदार्थास आज जग जपानी म्हणते, तो मुळात परक्याच्या चुलीवरचा. योकोहामा बंदरातील चिनी वस्तीतून तो निघाला. टोकिओच्या असाकुसा भागात १९१० साली राइराइकेन नावाचे दुकान निघाले, त्याच्या जपानी मालकाने योकोहामाहून चिनी आचारी आणले होते. गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी, मजूर, शहरात एकटा राहणारा माणूस. महायुद्धानंतर तांदूळ मिळेना, अमेरिकेचा गहू आला आणि पडक्या शहरांतील हातगाड्यांवर शेवयांचे वाडगे भरू लागले. १९५४ च्या एप्रिलमध्ये उत्तरेकडील आओमोरीहून शाळा सोडलेल्या मुलामुलींना नोकरीसाठी टोकिओस नेणारी एक विशेष गाडी सुटली. पुढे कित्येक वर्षे अशा गाड्या सुटत राहिल्या. त्या पोरांना घरी रांधून घालणारे कोणी नव्हते. कोपऱ्यावरचे लहान दुकान हेच त्यांचे स्वयंपाकघर झाले. योगायोग पाहा, सिल्वासा मुक्त झाले तेच हे वर्ष.

आता गिरणगाव. कावसजी दावर यांची कापडगिरणी ताडदेवला १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचा माणूस बोटीने, रेल्वेने मुंबईस लोटला. तो एकटाच आला. बायकापोरे गावी, शेताच्या तुकड्यावर. चाळीच्या एका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गडी राहत. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच जागी पथारी टाकी. या माणसाला भाकरी कोण देणार? तिथे खानावळ निघाली. ही खानावळ म्हणजे दुकान नव्हे. चाळीतलीच एखादी बाई, पुष्कळदा विधवा, नाहीतर जिच्या नवऱ्याच्या पगारात भागत नाही अशी, आपल्याच खोलीत वीस-पंचवीस जणांचा स्वयंपाक करी. पहाटे पहिल्या पाळीचा डबा, मध्यरात्री दुसऱ्या पाळीचे झाकून ठेवलेले ताट. घाटावरच्या बाईकडे भाकरी आणि तिखटजाळ कालवण, कोकणातल्या बाईकडे भात आणि मासळी. माणूस परमुलखात असला तरी जीभ गावीच राही.

हिशेब महिन्याचा. जो दिवस जेवला नाही तो ‘खाडा’, त्याचे पैसे वजा. पगार झाला की बाईचे देणे चुकते करावयाचे. बाई स्वतः वाण्याकडून उधारीवर डाळ-तांदूळ आणी, म्हणजे गिरणीने पगार दिला तर कामगार देणार, कामगाराने दिले तर बाई वाण्यास देणार. साखळी सरळ दिसते. पण ती जेव्हा तुटे तेव्हा भार कोणावर पडे, हे पाहण्यासारखे आहे. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. आपण त्या संपाचा इतिहास वाचतो तो पुढाऱ्यांच्या नावांनी, सभांच्या ठरावांनी. वास्तविक कोणताही संप टिकतो तो उधारीवर. ज्याचा पगार बंद आहे त्याचे ताट बंद झाले नाही तरच तो दुसऱ्या महिन्यात उभा राहू शकतो. ते ताट चालू ठेवणाऱ्या बाईला कोणी संपकरी म्हटले नाही. तिच्या हातची पाटली मात्र सावकाराकडे गेली.

१९७३-७४ मध्ये मुंबईत ४२ दिवसांचा संप झाला, तेव्हा ही गोष्ट एका कार्यकर्तीच्या ध्यानात आली. प्रेमाताई पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात तरुण वयातच उतरलेल्या. म्हणजे ज्या राजवटीशी सिल्वासात झुंज झाली, त्याच राजवटीशी त्याही झुंजल्या होत्या. त्यांनी खानावळवाल्या बायांना एकत्र करून १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले. राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारी या बायांना नेऊन त्यांनी कमी व्याजाचे कर्ज मिळवून दिले. तारण काय, असा प्रश्न येणारच होता. ज्या बाईने जन्मभर कामगारांना बिनतारणी उधार दिले, तिलाच तारण विचारावे, हा एक विनोदच म्हणावा लागेल. कर्जे मिळाली आणि सावकाराची वाट पुष्कळ जणींच्या बाबतीत बंद झाली.

त्यानंतर १८ जानेवारी १९८२ आला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेला असे कधी झालेच नाही. गिरण्या हळूहळू मिटल्या, माणसे गावी गेली, आणि खानावळीच्या वह्यांतली येणी तशीच राहिली. नुकसानभरपाईच्या, घरांच्या मागण्या झाल्या, आजही होतात. त्या योग्यच आहेत. पण वहीतल्या येण्याची मागणी कोणी, कोणाकडे करावी?

धागा मात्र तुटला नाही, तो उत्तरेस सरकला. १९८० च्या दशकात करांच्या सवलतींमुळे दादरा-नगर हवेलीत कारखाने येऊ लागले. पिपरिया, मसाट, खडोली येथे औद्योगिक वसाहती झाल्या आणि मुंबईच्या सुताच्या जागी येथे कृत्रिम धाग्याची चाती फिरू लागली. १९६१ च्या जनगणनेत या प्रदेशाची वस्ती ५७,९६३ होती. २०११ मध्ये ती ३,४३,७०९ झाली. ही वाढ नुसत्या जन्मांची नव्हे, हे सांगावयास नको. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून माणूस आला, आणि पुन्हा एकटाच आला. पुन्हा एका खोलीत अनेक जण, पुन्हा पाळ्या, पुन्हा तोच प्रश्न.

उत्तर मात्र थोडे निराळे आले. येथील दुकानात रांधणारा बहुधा पुरुष, आणि तोही बाहेरचाच. ताटात डाळ, भात, पोळी, बटाट्याची भाजी. ज्या भूमीवर हे दुकान उभे आहे तेथील वारली, कोकणा, धोडिया या लोकांची नागलीची भाकर त्या ताटात मला दिसली नाही. त्याच नागलीस शहरांत पौष्टिक म्हणून चढे भाव येत आहेत, हा काळाचा आणखी एक विनोद. आणि दुसरा फरक असा, की गिरणीचा कामगार वीस-तीस वर्षे एकाच गिरणीत, एकाच खानावळीत काढी. येथे बरेच काम ठेकेदारामार्फत. आज या कारखान्यात तर पुढल्या महिन्यात दुसऱ्या गावी. अशा माणसास उधार द्यावयाचे म्हणजे वाऱ्यावर लिहावयाचे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा देशभर परगावचे कामगार आपापल्या गावी निघाले. मागे राहिलेल्या अशा छोट्या दुकानांच्या वह्यांत काय काय लिहिलेले होते, याचा तपास कोणी केला असल्यास मला पाहावयास आवडेल.

म्हणून मी त्या मालकाला वहीविषयी विचारले. तो म्हणाला, हल्ली पुष्कळ जण फोनवरूनच पैसे देतात, वही सातआठ जणांसाठीच आहे. कोणासाठी? ज्यांचा पगार ठेकेदाराने अडवला आहे, त्यांच्यासाठी. त्यातला एखादा न सांगता निघून गेला तर? मालकाने कढईतली भाजी ढवळली आणि पोऱ्याला पाणी भरावयास सांगितले. मग म्हणाला, दोघे गेले होते. त्यांतल्या एकाने वर्षाने गावाहून पैसे पाठवले. दुसऱ्याचे पान त्याने अजून फाडलेले नव्हते.