क्षयरोग्यांच्या छातीतून आलेली सुई

आजीची गर्भपिशवी दुर्बिणीतून काढली, पोटावर तीन-चार बारीक टाके पडले आणि दोन-तीन दिवसांत ती घरी आली, असं आता घरोघरी ऐकू येतं. या शस्त्रक्रियेत बहुतेक ठिकाणी दुर्बिणीच्या आधी पोटात शिरते ती एक लांब, बारीक सुई. बेंबीपाशी ती टोचून आत कार्बन डायऑक्साइड भरतात. पोटाची भिंत आतड्यांपासून वर उचलली जाते आणि दुर्बिणीला जागा होते. या सुईला व्हेरेस सुई म्हणतात. त्या नावाचा माग काढत गेलो, तो पोहोचलो हंगेरीतल्या कापुवार गावी, क्षयाच्या रोग्यांपाशी. यानोश व्हेरेस हा तिथला फिजिशियन. बायकांची शस्त्रक्रिया त्याच्या डोळ्यांपुढे नव्हती.

स्ट्रेप्टोमायसीन हे औषध येण्याआधी क्षयावर एक उपाय असा होता: छातीची भिंत आणि फुप्फुस यांच्या मधल्या पोकळीत हवा भरायची, फुप्फुस मिटवायचं आणि त्याला विश्रांती द्यायची. इटलीच्या कार्लो फोर्लानिनीनं ही कल्पना 1882 साली मांडली. पण भरलेली हवा शरीर हळूहळू शोषून घेतं, म्हणून ती पुन्हा भरावी लागे. एकेका रोग्याला महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं सुया. त्यातली एक जरी खोल गेली, तरी फुप्फुस फाटे किंवा हवा रक्तात शिरे.

व्हेरेसनं यावर काढलेला तोडगा फार देखणा आहे. बाहेरची सुई तीक्ष्ण आणि तिच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली बोथट नळी, दाबाच्या बॉलपेनसारखी. ऊतींमधून जाताना विरोधामुळे नळी मागे सरते आणि धार उघडी पडते. पोकळीत शिरताच विरोध संपतो, नळी उडी मारून पुढे येते आणि धार झाकली जाते. तिच्या बाजूच्या छिद्रातून हवा आत जाते. 1938 साली त्यानं जर्मन वैद्यकीय साप्ताहिकात हे साधन मांडलं.

इथे एक प्रतिस्पर्धी उभा राहतो. जर्मनीच्या ओट्टो गोएट्झनं 1918 मध्येच पोटात वायू भरण्यासाठी स्वयंचलित सुई केली होती. वायूनं भरलेल्या पोटाचा एक्स-रे स्पष्ट येतो, म्हणून. तारखा पाहिल्या तर मान गोएट्झचा. शिवाय व्हेरेसच्या लेखाच्या मथळ्यातही छातीबरोबर पोटाचा उल्लेख आहेच, कारण पोटात साठलेलं पाणी काढायलाही त्याची सुई चाले. तरीही मी व्हेरेसच्या बाजूनं उभा राहतो. एक्स-रेसाठी पोटात एखाद्या वेळी वायू भरणारा डॉक्टर जपून टोचेल आणि निभावून नेईल. त्याच रोग्याला पुनःपुन्हा टोचणाऱ्याला मात्र हाताच्या अंदाजावर विसंबून चालत नाही. सुईलाच अक्कल द्यावी लागते. ही सुई जगभर पसरण्याइतकी घडली ती क्षयाच्या चिकाटीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

दुर्बिणीच्या या घराण्यात क्षय आणखी एका ठिकाणी भेटतो. पोटात दुर्बीण घालण्याचा पहिला प्रयोग ड्रेस्डेनच्या गेओर्ग केलिंगनं 1901 मध्ये कुत्र्यावर केला. माणसावरच्या प्रयोगाचा अहवाल 1910 मध्ये दिला तो स्टॉकहोमच्या हान्स ख्रिश्चन जेकोबेयसनं. पुढे याच जेकोबेयसनं छातीत दुर्बीण घालून चिकटलेले पापुद्रे जाळून सोडवायला सुरुवात केली. कशासाठी? क्षयाचं फुप्फुस नीट मिटावं म्हणून. पोटाची दुर्बीण छातीत गेली आणि छातीची सुई पोटात आली.

पोटाच्या दुर्बिणीसाठी ती आणली राउल पाल्मर या पॅरिसच्या स्त्रीरोगतज्ज्ञानं, 1940च्या दशकात. मूल न होणाऱ्या बायकांचे बीजांडकोश पाहायला तो डोक्याकडची बाजू खाली करून दुर्बीण घाली. सुई त्याच्यापर्यंत क्षयाच्या डॉक्टरांच्या हातून गेली असावी, असा माझा अंदाज आहे. कारण पोकळीत निर्धोकपणे वायू भरण्याची रोजची सवय त्यांना होती. पुढे जर्मनीत कुर्ट झेमनं वायूचा दाब आपोआप राखणारं यंत्र आणलं आणि 1988 मध्ये अमेरिकेत हॅरी राइखनं दुर्बिणीतून पिशवी काढली.

वयस्क स्त्रीपाशी आल्यावर मात्र छाती पुन्हा मध्ये येते. पोटात वायू आणि डोकं खाली, म्हणजे आतड्यांचा भार छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यावर आणि पडद्याचा फुप्फुसांवर. शोषला गेलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचं कामही त्याच फुप्फुसांचं. एरवी पाऱ्याच्या 12 ते 15 मिलीमीटर दाबावर काम चालतं. सत्तरीच्या बाईत अनेक सर्जन तो आणखी खाली ठेवतात आणि डोकं बेतानं उतरवतात. बारीक अंगाच्या बाईत बेंबीखाली महाधमनी अगदी जवळ असते. पोटावर जुना उभा टाका असेल तर आतडं तिथेच चिकटलेलं असू शकतं. त्यासाठी पाल्मरनंच डाव्या बरगडीखाली सुमारे तीन सेंटीमीटरवरची जागा दाखवून दिली. आजही ती त्याच्याच नावानं ओळखली जाते.

एवढी खबरदारी घेण्याइतका फायदा आहे का? आहे. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या 2,616 स्त्रियांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष 2009 मध्ये आले. हा रोग बहुतेक पाळी गेल्यावरचाच. शस्त्रक्रियेनंतरचे मध्यम ते गंभीर त्रास पोट उघडलेल्यांत 21 टक्के, तर दुर्बिणीच्या गटात 14 टक्के होते. दोन दिवसांहून जास्त रुग्णालयात राहावं लागलेल्या 94 टक्के विरुद्ध 52 टक्के. दुर्बिणीनं सुरू केलेल्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या शस्त्रक्रियांत शेवटी पोट उघडावं लागलं, हेही सांगायला हवं. म्हातारपणी अंथरुणावरचा एकेक दिवस पायांची ताकद नेतो, त्यामुळे वाचलेले दिवस मला सर्वांत मोलाचे वाटतात.

आपल्याकडे खेड्यापाड्यांत ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हणजे कित्येक वर्षं कुटुंब नियोजनाचंच. तरुणपणी शिबिरात ते करून घेतलेल्या बायका आज सत्तरीत आहेत. अंग बाहेर येणं किंवा पाळी गेल्यावर अंगावरून रक्त जाणं आता वयाचंच म्हणून त्या अंगावर काढतात. तसं करू देऊ नका, त्यांना डॉक्टरकडे न्या. शस्त्रक्रिया ठरली तर पोटावरचा प्रत्येक जुना टाका, दमा आणि कधी काळी झालेला क्षय न विचारता सांगा. सुई कुठे टोचायची आणि वायू किती भरायचा, ते ठरवायला त्याची मदत होते.