गाणं विकतचं की भाड्याचं?

आता भिवंडीच घ्या. यंत्रमागाच्या खडखडाटातून सुटलेला कामगार मोबाइलच्या दुकानात जायचा, थोड्या पैशांत मेमरी कार्ड गाण्यांनी भरून घ्यायचा. गायक-संगीतकाराला त्यातला छदामही मिळत नसे, हे आपण विसरता कामा नये. रीतसर डाउनलोड विकणारं फ्लिपकार्टचं ‘फ्लाइट’ २०१२मध्ये आलं, २०१३मध्ये बंदही झालं. त्या स्वस्ताईपुढे निभाव कसा लागणार? सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि कार्ड भरणं मागे पडलं. स्ट्रीमिंगमधून हक्कधारकाला काहीतरी पोचतं, हे मान्य. पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना मालकीचा प्रश्न सुटत नाही. कार्डातलं गाणं गावी रेंज नसतानाही वाजायचं; आता वर्गणी थांबली की उतरवून ठेवलेलंसुद्धा वाजत नाही. २०१७मध्ये सारेगामानं पाच हजार गाणी आधीच भरलेला ‘कारवां’ आणला, तो लोकांनी हौसेनं घेतला, ते उगाच नव्हे.