आंबेनळीच्या वरची शाळा, खालची शाळा

पोलादपूर सोडले की आंबेनळीचा घाट प्रतापगडाच्या कुशीतून महाबळेश्वराला चढतो. पुढे तीच वाट पाचगणीस जाते. या वाटेच्या दोन्ही टोकांना शाळा होत्या, आणि कोणी काय व्हावे हे त्या आधीच ठरवून टाकीत.

पाचगणीस थंड हवेसाठी युरोपियन कुटुंबे वसली. त्यांच्या मुलांसाठी निवासी शाळा निघाल्या. तेथील सेंट जोसेफ कॉन्व्हेंट १८९५ चे. साहेबाच्या मुलाने साहेब व्हावे, हे तेथे गृहीतच होते.

घाटाखाली महाडास गृहीत होते ते वेगळेच. त्याचे मूळ जुने आहे. १८२३ च्या शिक्षणविषयक टिपणात गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी नोंदविले, की मिशनऱ्यांना अगदी खालच्या जातींची मुलेच उत्तम विद्यार्थी आढळतात. आणि लागलीच बजावले, की अशांना खास उत्तेजन देताना जपावे. विद्या प्रथम त्यांच्यात रुजली तर वरच्या जाती तिच्याकडे पाठ फिरवतील, ही धास्ती. (ते मिशनरी बहुतांशी प्रॉटेस्टंट होते, तेव्हा आपण कॅथलिकांनी या प्रशस्तीवर हक्क सांगू नये.) बुद्धी दिसत असूनही दार अर्धेच उघडायचे, असे हे धोरण.

या व्यवस्थेत एक फट राहिली ती पलटणीची. लष्करातील शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. महाड तालुक्यातले गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त झाले, १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. १८९५ मध्ये सरकारने त्यांना महाडच्या लोकल बोर्डावर नेमले, तेव्हा शेजारी बसावयास उच्चवर्णीय सभासद तयार होईनात. परंतु तोवर महारांची लष्करभरतीच थांबली होती, फट बुजली.

पुढची पिढी मग गावच्या शाळेच्या दारात आली. लाडवलीचे रामचंद्र बाबाजी मोरे यांचा जन्म १९०३ चा. लहानग्या मोऱ्यांनी शिष्यवृत्तीची परीक्षा जिंकली, तरी महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारला. त्या अकरा वर्षांच्या मुलाने वर्तमानपत्राला पत्र लिहिले! तेव्हा कोठे प्रवेश मिळाला, पण बसविले इतरांपासून वेगळे. शिष्यवृत्तीने त्याला विद्यार्थी ठरविले होते; बसण्याच्या जागेने त्याला पुन्हा महार ठरविले. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसणाऱ्या भीमरावांचीही हीच कथा, आणि मुंबईस आल्यावरही संस्कृत नाकारले गेल्याने त्यांना फारसी घ्यावी लागली. कोणता विषय कोणाचा, हेही शाळाच ठरवीत होती.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या करणारा म्हणून तो सर्वांना ठाऊक आहे. त्यात सार्वजनिक शाळाही होत्या, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. चवदार तळे लक्षात राहिले, बाकडे राहिले नाही.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. आंबेडकरांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. परिषदेची जुळवाजुळव ज्यांनी केली त्यांत हे रामचंद्र मोरे प्रमुख होते. वय चोवीसच्या आत-बाहेर. आणि गाव तेच, जेथे त्यांना वर्गात वेगळे बसविले होते.